बेंजोनंतरची जागा
बहारीनच्या आमच्या मंडळात गणपतीतल्या शुक्रवारी गाण्यांचा कार्यक्रम असतो. यंदा, म्हणजे त्र्याऐंशी साली, जागा दहा आणि नावं अकरा. नव्यांना संधी द्या, असं मीच मीटिंगमध्ये ठणकावलं, आणि हेमचंद्रांच्या मुलीच्या गिटारसाठी बाळाजी ड्रायव्हरचा बेंजो कापायचं ठरलं. सात वर्षं तेच वाजवतोय, पुरे झालं. त्याला सांगायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलं. मीटिंगनंतर तोच मला गाडीतून झिंजला, माझ्या घरी सोडायला निघाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो खुशीत म्हणाला, “वहिनी, गावाहून मालूचं उत्तर आलंय. दर वर्षी कार्यक्रम टेप करून पाठवतो ना तिला!” आणि त्याने गाडीच्या टेपमध्ये कॅसेट सरकवली. त्याच्या बायकोचा खणखणीत आवाज आला, “अहो, तुमचा बेंजो अख्ख्या वाडीनं ऐकला. पण तो संपला की टेप बंद करत जा. मागनं ती बाई दर वर्षी तेच गाणं गाते. धार काढताना मी कॅसेट लावते, तर ती सुरू झाली की गाय पान्हा चोरते.” बाळाजीने घाईघाईने बटण दाबलं. बेंजोनंतर सात वर्षं मीच गाते. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मी पर्समधून यादी काढली, स्वतःचं नाव खोडलं आणि म्हटलं, “यल्ला बाळाजी, चला. आणि मालूला कळवा, यंदा टेप बंद करायला नको. बेंजोनंतर गिटार आहे.”