अकरा घरं आणि एक ट्रम्पेट

“एका बाजूला अकरा घरं, दुसऱ्या बाजूला एक ट्रम्पेट,” मास्तरांनी जिन्याखालच्या फळ्यावर उभी रेघ मारली. “भावना बाजूला ठेवा. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख कशात, एवढंच बघायचं.”

इमारतीतला प्रत्येक तंटा हे रिटायर झालेले गणिताचे मास्तर असाच सोडवत. गाड्या कुठे लावायच्या, गच्चीवर कपडे कुणी कधी वाळत घालायचे, सगळं फळ्यावर. आणि खरं सांगायचं तर, माणूस एकदाही चुकला नव्हता.

शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. सरकारी बँडची निवड पंधरा दिवसांवर आलेली. निवड झाली तर पक्की नोकरी, नाहीतर आईसोबत जन्मभर काजं-बटणं. पण तिच्या सरावानं सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते.

मास्तर आकडे मांडत गेले. तान्ह्या बाळाची झोप, पाच गुण. रात्रपाळीच्या नर्सबाईंची दिवसाची झोप, दहा. तळमजल्यावरच्या आजोबांची चिडचिड? “ती ट्रम्पेट नसतानाही असतेच,” म्हणत मास्तरांनी शून्य मांडलं. आजोबा सोडून सगळे हसले.

बेरीज झाली. पोरीचा पार धुव्वा उडाला. तिनं ट्रम्पेटची पेटी उचलली.

“थांब गं, गणित संपलेलं नाही,” मास्तर म्हणाले. “माझं घर सगळ्यात वर. खालचं रिकामं, शेजारी पाण्याची टाकी. तिथं वाजवलंस तर त्रास फक्त मला. आणि कानातलं यंत्र काढून ठेवलं, की मला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही. म्हणजे शून्य!”

“यंत्र? कधी दिसलं नाही ते!” नर्सबाई म्हणाल्या.

“हल्ली आतल्या आत बसतं.”

टाळ्या पडल्या. काय डोकं म्हणावं या माणसाचं!

दुसऱ्या दिवशी मुलगी मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत तासभर वाजवत होती. मास्तर आत, पाठमोरे, भांडी घासत होते. नळ धो धो चालू होता. एका जागी घसरल्यावर ती थांबली.

“शी! पुन्हा तोच सूर,” ती स्वतःशीच पुटपुटली.

“तो नाही, त्याच्या आधीचा!” मास्तर आतून ओरडले.

मग नळ बंद झाला. मास्तर कपाळ दाबत दारात आले. पोरगीनं त्यांच्या दोन्ही कानांत निरखून पाहिलं. यंत्र-बिंत्र काही नव्हतंच.

“खाली कुणाला बोलू नकोस हं,” ते म्हणाले. “उत्तर बरोबर आलंय.”