घाई किती?

पिंपळदऱ्याच्या चौकातला नवा सिग्नल प्रत्येक गाडीला विचारायचा, "घाई किती, दहापैकी?" आणि जास्त घाईवाल्याला आधी सोडायचा. महिन्याभरात अख्खं गाव दहावर पोचलं. भिकोबा थोरात तर चहाला निघतानाही दहा सांगे, आणि ग्रामसभेत सिग्नललाच नावं ठेवी.

आज सगळेच दहा, म्हणून आल्या क्रमानं सोडणं चाललेलं. गल्लीतून आलेल्या रिक्षाचा नंबर बेचाळिसावा लागला. आत सरूबाईंची सून कळांनी विव्हळत होती.

"दहा रे बाबा, खरंच दहा!" सरूबाई ओरडल्या.

पुढे रांगेत थांबलेल्या भिकोबानं मान वळवली. "अरे, सरूवहिनींची सून अडलीये! शून्य सांगा रे सगळे!"

एकेचाळीस गाड्यांनी शून्य सांगितलं. रिक्षा सुसाट गेली.

सिग्नलनं पुन्हा विचारलं.

"दहा," भिकोबा म्हणाला. "चहा गार होतोय."