मावशी, धरा

रुग्णाच्या घशात श्वासाची नळी घालताना डॉक्टरनं स्वतःचाही श्वास रोखून धरायचा. आपला जीव गुदमरला की थांबायचं आणि आधी रुग्णाला ऑक्सिजन द्यायचा, असं आमच्या अपघात विभागात शिकवतात. मोठ्या मॅडम मात्र स्वतः श्वास रोखत नाहीत. त्या वॉर्डातल्या मावशींना शेजारी उभं करतात आणि म्हणतात, “मावशी, धरा.”

मावशी नाक दाबतात. त्यांचे गाल फुगतात, चेहरा लालबुंद होतो आणि जरा वेळातच त्या फुस्सकन श्वास सोडतात. मॅडमचा हात तिथल्या तिथे थांबतो.

नव्या डॉक्टरला आज हसू आवरेना. “मॅडम, मावशींना तर एक जिना चढला तरी धाप लागते! आणि तुम्ही पोहण्यातल्या चॅम्पियन ना?”

“म्हणूनच,” म्हणून मॅडम हात धुवायला गेल्या. हात धुऊन झाले तरी वाहत्या नळाकडे बघत उभ्या राहिल्या.

मावशींनी त्याला बाजूला ओढलं. “हसू नका डॉक्टर. नव्या होत्या तेव्हा त्याही स्वतःचाच श्वास धरायच्या. एकदा असाच पेशंट आला, ऑक्सिजन मोजायचं मशीन जोडायलाही उसंत नव्हती. नळी काही केल्या आत जाईना, आणि मॅडमना काही केल्या गुदमरेना.”

“मग? पेशंट?”



“त्यांचे पोहण्याचे सर होते ते. एवढा वेळ श्वास धरायला त्यांनीच शिकवलं होतं.”