आठ वाजताची तपासणी

अग्निशमन केंद्रात रोज सकाळी आठला ॲम्ब्युलन्सचा वायरलेस तपासत. गाडीतून बाबा बोलायचे आणि कंट्रोल रूममधून उत्तर द्यायला त्यांची मुलगीच असायची.

"कंट्रोल, गाडी तयार. बंबवाले झोपा काढतायत, साऱ्या गावाची पोटदुखी आणि बाळंतपणं माझ्याच माथी. एकदा तरी म्हण, बाबा, जपून जा."

"ड्यूटीवर नाती नसतात. तपासणी पूर्ण," ती त्या दिवशीही म्हणाली. बंबवाले खो खो हसले. बाबांनी नेहमीसारखं माइकचं बटण दोनदा दाबलं, टक टक, आणि गाडी निघाली. दुपारी पेशंटला हॉस्पिटलात पोचवून बाबांनी स्टिअरिंगवरच मान टाकली.

महिन्याभराने ती कामावर परतली. नवा ड्रायव्हर तपासणी उरकून, वायरलेस बंद करून, किल्ली बोटावर नाचवत तिच्यासमोर येऊन बसला.

"ताई, बाबा सीट इतकी पुढे घ्यायचे? पहिल्या दिवशी माझे गुडघे कानाला लागले."

कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

तेवढ्यात तिच्या टेबलावरच्या स्पीकरमधून आवाज आला. टक टक.

पॅनेलवर ॲम्ब्युलन्सचा दिवा लागला होता. दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. गाडी जागेवर उभी होती, दारं बंद होती आणि आत कोणी नव्हतं. ड्रायव्हरने किल्ली मुठीत घट्ट धरली.

पुन्हा टक टक. मग पलीकडे कोणी उत्तरासाठी थांबावं तसा दिवा लागूनच राहिला.

तिने माइक ओढून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "जपून जा."