दार

निर्वासित मुलांवरची कादंबरी शिकवता शिकवता मृणाल मॅडमनी वर्गाला विचारलं, "आजच घर सोडावं लागलं, तर सोबत काय घ्याल?"

कोणी मोबाइल म्हणालं, कोणी मांजर, कोणी आजीचा फोटो. मधुरा म्हणाली, "दार."

वर्ग हसला.

"रस्त्याच्या चौडीकरणात आमचं मकान पाडलं ना, तेव्हा बाबांनी आधी दार काढून घेतलं. आता फ्रीगंजला काकांच्या अंगणात ते आडवं टाकून त्यावरच झोपतात. हे चोरीला गेलं तर घर राहिलंच नाही, म्हणतात."

मधल्या सुट्टीत मॅडमनी नवऱ्याला फोन लावला.

"जयंत, सामान बांधणं राहू दे. जेसीबी यायच्या आत एखादा मिस्त्री बघ. आपलं दार काढून घ्यायचंय."