दोनच टाके

"झाला का हो कोट?" म्हणत चष्मेवाला दुकानात शिरला आणि रफूवालीनं मान आणखीच खाली घातली.

गिऱ्हाईक दिसलं की बाकीच्या दुकानदारांचा जीव भांड्यात पडतो. हिचा भांड्यातून उडी मारून बाहेर यायचा. सुई धरताना ती कधी चुकली नाही, पण 'किती झाले' एवढे दोन शब्द कानावर पडले की आकडे घसरायला लागायचे.

शेजारी मशिनवर बसलेल्या मास्तरांनी तिला डोळ्यांनीच खूण केली. मास्तर म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दुकान त्यांचं, खिडकीजवळचा कोपरा हिचा. सकाळीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "मेव्हणीबाई, नातं नात्याच्या जागी. कोपऱ्याच्या भाड्याचे सहाशे आज संध्याकाळपर्यंत निघाले नाहीत, तर उद्यापासून तिथे चावीवाला बसेल. आणि तुमचं एक नवलच आहे. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत तुम्हीच घासाघीस सुरू करता, तीही स्वतःशीच."

खोटं नव्हतं ते. दोनशे म्हणायचं, समोरच्याची भुवई हलायच्या आत दीडशे, आणि त्यानं पाकीट काढेपर्यंत 'राहू द्या हो, सवडीनं द्या.' घरी तिच्या खोलीला खिडकी नव्हती. हा उजेड गेला की सुई गेली, आणि सुई गेल्यावर आपण करायचं काय, या धास्तीनं तिनं सकाळपासून डबाही उघडला नव्हता.

तिनं कोट टेबलावर पसरला. चष्मेवाल्यानं उजवी बाही पाहिली, डावी पाहिली, मग पाठ खिडकीच्या उजेडात धरली.

"भोक कुठे होतं?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"बायकोनं इस्त्री करताना जाळला, इथे आणून टाकलाही तिनंच. कुठे ते सांगत नाही. म्हणते, सापडलं तर मला सांगा."

"काही विशेष नव्हतं," ती सवयीनं म्हणाली. "दोनच टाके तर होते."

मशिन थांबलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

चष्मेवाला मुळातच चौकस. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि कॉलरपासून खाली निघाला. खिसे उलटे केले, बटणांमागे पाहिलं, अस्तर चाचपलं. मास्तरांनाही राहवेना, तेही उठून आले. पडलेली अंगठी शोधावी तसे दोघं कोटावर वाकले.

"ताई," चष्मेवाला अखेर म्हणाला, "ते दोन टाके दाखवा पाहू."

तिनं कोटावरची नसलेली सुरकुती हातानं साफ केली.

"मी चष्मे विकतो. लोकांना काय दिसत नाही, त्यावर माझं पोट आहे. आणि जे मला भिंगातूनही दिसत नाही, ते दोन टाक्यांत झालेलं नसतं. दोनच आहेत ना? मग दाखवा."

दाखवायचे कुठून? आजवर तिनं गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा ठेवून घेतली नव्हती. उरलेला धागा गुंडाळी करून परत करायची. आणि आज भर दुकानात ती खोटी पडली होती. इतकी वर्षं ती या दोन टाक्यांना नम्रपणा समजत होती. तिला स्वतःचाच राग आला.

"दोन नव्हते," ती म्हणाली. "खोटं बोलले मी."

"मग किती?"

"उभे चौऱ्याऐंशी धागे, आडवे ब्याण्णव. बाजारातला धागा रंगाला जुळेना, म्हणून कोटाच्याच आतल्या दुमडीतून एकेक ओढून काढला. एक अख्खा दिवस नुसती जळकी कड काढण्यात गेला. पुढे दोन दिवस विणकाम. एक धागा चुकला की सगळा उसवायचा." तिचा आवाज तिच्याही नकळत चढला होता.

"असं होय," चष्मेवाला म्हणाला. तो अगदी मन लावून ऐकत होता. "मग किती झाले?"

"सातशे."

भुवई वर गेली. चष्मेवाल्याची नव्हे, मास्तरांची. चष्मेवाला नुसता कोटाकडे बघत राहिला. तिच्या जिभेवर 'सहाशे' येऊन बसलं, त्याच्यामागे 'पाचशे' रांगेत उभं होतं. तिनं झटकन चार टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या. आता बोलायची सोयच राहिली नाही.

बाहेरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. चष्मेवाल्यानं भिंग पुसलं, खिशात ठेवलं.

"दोन टाक्यांचे सातशे म्हणाला असतात, तर भांडलो असतो," तो म्हणाला, आणि सात नोटा टेबलावर ठेवून कोट घडी करू लागला.

मास्तर परत मशिनवर जाऊन बसले. चाक फिरवत म्हणाले, "चावीवाल्याला दुसरीकडे बघायला सांगतो." ती टाचण्या धरूनच हसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं बाहीनं टिपलं.

चष्मेवाला दारापर्यंत गेला आणि थबकला. उंबऱ्यावरूनच परत वळला.

"ताई, एवढं मात्र सांगून टाका. भोक होतं तरी कुठे? नाहीतर माझ्या डोक्यातून जायचं नाही ते."

तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत टाकल्या.

"सांगते की," ती म्हणाली. "पण त्याचे वेगळे पडतील."