चवीचं व्रत

उपवासाच्या थालीपिठावरचा लेख वाचता वाचता बायकांच्या जिभेवर शेंगदाणा तेलाच्या जाहिरातीची चव उतरायची. कानामागच्या चवपट्टीतून ती चाखली गेली, की लेखकाच्या खात्यात पैसे जमा व्हायचे. लेख मथूकाकूंचे, खातं मात्र पुतण्या निरंजनचं. त्याचं यंत्र रोज पहाटे काकूंचा लेख उचलून त्याच्या नावावर टाकायचं, आणि वाचक तिकडेच वळायचे. काकूंनी विचारलं तेव्हा तो हसला होता. "देवाधर्मावर कुणाची मालकी असते का, काकू?"

आषाढी एकादशीला काकूंनी नवा लेख लिहिला. चातुर्मासात कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं. यंदा आपण जाहिरातीची चव सोडू. चवपट्टी काढून देवापुढे ठेवायची, की झाला संकल्प.

यंत्रानं तोही उचलला.

संध्याकाळी निरंजनचा फोन आला. "काकू, हे काय लिहून ठेवलंत? लाखो बायकांनी पट्ट्या काढल्या, तेही माझं नाव घेऊन!"

"पुण्य तुलाच लागेल, बाळा."

"तुमचंही उत्पन्न बुडालं की!"

"माझं तू ठेवलं होतंस कुठे?"

"असू दे. कार्तिकीला चातुर्मास संपला, की लावतील परत."

काकू फुलवाती वळत होत्या. मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "लेख शेवटपर्यंत वाच ना एकदा. तुझाच आहे."

निरंजननं काकूंचा लेख पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. त्याच्या नावाच्या अगदी वर ओळ होती: 'या व्रताला उद्यापन नाही. घेतलं, की जन्मभर पाळायचं.'